नऊ दिवाळ्यांचा पासपोर्ट

वडवणीत येऊन दानम्माचं घर विचारलंत तर चार माणसं डोकं खाजवतील. कावूनकाकू म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा दुकानापर्यंत आणून सोडील. बसस्टँडकडून बाजारतळाकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं किराणा दुकान आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं, धोंडप्पांचं, गल्ल्यावर बसायचे तेही धोंडप्पाच, पण दुकान चालायचं ते दानम्माच्या जिभेवर.

ही बाई 'कावून', म्हणजे 'का', विचारल्याशिवाय साखरसुद्धा जोखत नाही. कंडक्टर बिडी-काडी घ्यायला आला की, "बायाला अर्धं तिकीट, मग बाप्यांला कावून न्हाई?" डॉक्टरांना, "गोळी जेवल्यावरच कावून?" मतदानाच्या दिवशी रांग खोळंबून मागची माणसं कावली, तरी हिचं आपलं, "शाई डाव्याच बोटाला कावून?" शाई लावणाऱ्या मास्तरनं वैतागून सांगितलं, की उजव्या हातानं जेवायचं असतं म्हणून. दानम्मा खूश होऊन बाहेर आली. उत्तर मिळालं की तिला गूळ खाल्ल्यासारखं होतं. नाही मिळालं तर तोच प्रश्न उचलून ती पुढच्या दारात नेते.

तिचं माहेर भालकीकडचं, घरात सगळं कानडी. अठराव्या वर्षी लग्न होऊन वडवणीत आली तेव्हा मराठीचा गंध नव्हता. सासू काहीतरी बोलायची, दीर काहीतरी बोलायचे, आणि ही भिंतीला टेकून नुसती तोंडं बघायची. एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं, की माणूस अडला की 'कावून' म्हणतो आणि समोरचा थांबून काहीतरी सांगतो. हा शब्द तिनं पहिला उचलला. सासूनं दटावलं, "नव्या नवरीनं कावून इचारू न्हाई." दानम्मानं विचारलं, "कावून?" त्या दिवसापासून सासूनं हात टेकले.

एकाच प्रश्नाचं उत्तर तिला कधी मिळालं नाही. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिचे वडील गेले. भालकीचं पत्र पोचेपर्यंत दहावा होऊन गेलेला. तरी ती निघाली, तर सासू म्हणाली, "दिल्या घरची झालीस, आता मागची वाट इसरायची." तेव्हाही हिनं कावून विचारलं होतं. पुढे आयुष्यात ती दोनदा माहेरी गेली, तेही लग्नकार्याला, आणि तो प्रश्न तिनं परत कुणाच्या दारात नेला नाही.

दुकानात मात्र तिचा दरारा होता तो मुदतीचा. कुठलाही पुडा हातात आला की आधी उलटा करणार, चष्मा नाकावर ओढणार आणि तारीख वाचणार. मुदत संपायला दोन महिने उरले की माल परत. एजन्सीचा प्रविण गाडी घेऊन यायचा तेव्हा हिच्या फळीकडे बघायलाही घाबरायचा. धोंडप्पा म्हणायचे, "अजून दोन महिने हायेत, इकू की." त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "पुडा आपल्या दुकानात मरू न्हाई अन् गिऱ्हाइकाच्या घरात तर मुळीच मरू न्हाई."

आणि अशा बाईच्या तिजोरीत एक वस्तू जवळजवळ दहा वर्षं पडून होती, जिच्यावरची तारीख तिनं एकदाही वाचली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ती वस्तू म्हणजे तिच्या एकुलत्या एका लेकीचा, कावेरीचा पासपोर्ट. कावेरी कॉलेजात गेली तेव्हा परळीच्या एका सोयऱ्यानं धोंडप्पांच्या कानात फुंकलं होतं, की मुलीचा पासपोर्ट तयार असला तर परदेशातली स्थळं येतात. धोंडप्पांनी तो काढून घेतला. घरात आलेलं ते निळं पुस्तक दानम्मानं उलटसुलट करून पाहिलं आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ठेवलं. व्यापाऱ्याच्या घरी त्या दिवशी वही, तराजू, मापं सगळं पाटावर येतं. वहीच्या पहिल्या पानावर हळदीनं स्वस्तिक काढायचं हा दंडक. पासपोर्ट तरी काय, पानं शिवलेली वहीच की! तिनं कोऱ्या पानावर छानसं स्वस्तिक काढलं. फोटोतल्या लेकीचं कपाळ मोकळं दिसलं म्हणून त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, वर बेलाचं पान आणि विभूती वाहिली, लाल कापडात गुंडाळलं आणि दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिलं. पूजेतली वस्तू अधूनमधून उघडायची नसते. पुढच्या दिवाळीला उघडली ती पुढच्या पानावर स्वस्तिक काढायला. अशा नऊ दिवाळ्या झाल्या.

परळीच्या सोयऱ्याचं म्हणणं मात्र खरं ठरलं. अमेरिकेत नोकरीला असलेल्या बसवेश्वरचं स्थळ आलं, अक्षता पडल्या, आणि सव्वीस दिवसांनी जावई रजा संपवून परत गेला. त्यानं बायकोसाठी तिथल्या कायमच्या राहण्याचा अर्ज केला, ज्याला सगळे ग्रीन कार्ड म्हणतात तो. जाण्यापूर्वी पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा त्यानं मोबाईलवर फोटो काढून नेला होता. कुंकू त्यानं हलकेच पुसलं, हसला, बाकीची पानं काही उलटली नाहीत. त्या फोटोवर अडीच वर्षं सगळे कागद फिरले. कावेरी औषधांच्या दुकानात कामाला जायची, संध्याकाळी नवऱ्याशी फोनवर बोलायची, आणि गावातल्या बायका दानम्माला विचारायच्या, "आजून कावून गेली न्हाई वो?" कावूनकाकूला तिचाच शब्द उलटा येऊन टोचायचा.

श्रावण लागला आणि मुंबईच्या मुलाखतीची तारीख आली. पाच आठवड्यांनंतरची. कावेरी दुकानात उभ्या उभ्याच मोबाईलवर कागदांची यादी वाचून दाखवू लागली. लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, पोलिसांचा दाखला. मग ती अडखळली.

"पासपोर्टला, तिकडं पाय ठिवल्यापासून पुढं सहा महिने तरी मुदत पायजे म्हणं."

"सहा महिने कावून?" दानम्मा जागच्या जागी म्हणाली.

"ते जाऊ दे. आधी काढ तो."

लाल कापड सुटलं. कावेरीनं फोटोचं पान पाहिलं. मुदत संक्रांतीला संपत होती. मुलाखत होऊन, व्हिसा हातात पडून, तिकडं पोचेपर्यंत दसरा उजाडणार, म्हणजे पुढे जेमतेम तीन महिने. तिनं घाबरून पुढची पानं चाळली आणि तिच्या तोंडून किंकाळीच निघाली. पानामागून पान पिवळी स्वस्तिकं, त्यांचे डाग मागच्या बाजूला फुटलेले, मधे वाळलेला बेल, विभूतीची राख.

धोंडप्पा गल्ल्यावरून उठले. "काय करून ठिवलंस हे? सरकारी कागद हाय तो! घरातली वही हाय का?"

कावेरी आईवर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तुला मला पाठवायचंच नव्हतं, म्हणून केलंस का?"

जन्मभर दुसऱ्यांना अडवणारी बाई लेकीच्या एका प्रश्नावर अडली. त्या दिवसापासून कावेरी तिच्याशी कामापुरतं बोलायची. मुलाखत हुकली तर पुढची तारीख कधी मिळेल, याचा भरवसा तिकडून बसवेश्वरलाही देता येत नव्हता.

घरात तोंडं बंद झाली, तरी दानम्माच्या डोक्यातला किडा गप्प बसेना. चार दिवसांनी प्रविण माल घेऊन आला, तर हिनं त्यालाच धरलं. "मुदत हाय म्हंजे हाय. संक्रांतीपस्तोर कागद जिवंत हाय का न्हाई? मंग वर सहा महिने कावून?"

प्रविणनं खोकी उतरवता उतरवता सांगितलं, "काकू, तुमी दोन महिने आधीच माल माझ्या अंगावर टाकता, ते कावून? गिऱ्हाइकाच्या घरी मुदत संपू न्हाई म्हणून. तसंच आसंल तिकडं."

हे तिला निम्मं पटलं. "बिस्किटाला दोन महिने आन् माझ्या लेकीला सहा?" प्रविण घाईघाईनं पावती फाडून निघून गेला.

नव्या पासपोर्टसाठी बीडला पोस्टातल्या केंद्रावर जायची तारीख मिळाली. धोंडप्पा म्हणाले, मी जातो पोरीसंगं. दानम्मा म्हणाली, "डाग म्या पाडलेत, मी जाते." एसटीत मायलेकी शेजारी बसल्या, पण बीड येईपर्यंत कावेरी खिडकीबाहेरच बघत होती.

आत फक्त अर्जदाराला सोडत. दानम्मा बाहेर बाकावर बसली. अर्ध्या तासानं आतला शिपाई विचारत आला, "कावेरीची आई कोण?"

टेबलामागे चाळिशीतल्या एक मॅडम होत्या. समोर पासपोर्ट उघडा, स्वस्तिकाच्या पानावर. त्यांनी डोळे वर करून विचारलं, "हे कोणी केलं?"

"म्या."

"असा पासपोर्ट खराब झालेला धरतात, काकू. नवा मिळेल, पण हे कसं झालं ते लेखी द्यावं लागतं. कोणी केलं, कशानं केलं आणि का केलं."

दानम्मा त्या बाईकडे बघतच राहिली. बावन्न वर्षांच्या आयुष्यात तिला कुणी सरकारी माणसानं 'का' म्हणून विचारलं नव्हतं. आणि ह्या मॅडमनी विचारलं ते तर खरोखर, कागद पुढे ठेवून, पेन उघडून.

ती म्हणाली, "खरं सांगू का मॅडम? पहिल्या सात दिवाळ्या मी त्या पुस्तकाला म्हणले, माझ्या लेकीला चांगल्या घरी ने. तिचं लगीन झालं. पुढल्या दोन दिवाळ्या म्हणले, नेतूस तर ने बाबा, पर परत बी आण. मला भालकीला जाऊ दिलं न्हवतं कुणी. हिच्या पुस्तकाला तरी परतीची वाट ठाऊक आसावी, म्हणून पुजलं. खराब व्हावं म्हणून न्हाई."

शेवटचं वाक्य मॅडमकडे बघून म्हटलेलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या कावेरीनं खाली बघून ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

मॅडमनी कागद ओढून लिहायला घेतलं. लिहून झालेला मजकूर दानम्मानं सही करण्याआधी वाचून घेतला. नऊ दिवाळ्या, सात आणि दोन, भालकी, सगळं एका ओळीत मावलं होतं: 'घरगुती पूजेदरम्यान अनवधानानं पानांवर हळद-कुंकवाचे डाग पडले.' दानम्मानं सही केली आणि निघता निघता राहवलं नाही म्हणून विचारलंच, "मॅडम, ते सहा महिने कावून आसतेत वो?"

मॅडम हसल्या. "तो नियम त्यांचा आहे काकू, आमचा नाही. आम्ही फक्त पुस्तक देतो."

परतीच्या एसटीत कावेरीनं आईला खिडकीची जागा दिली. चौसाळ्याकडचे पेरू कुणीतरी टोपलीत घेऊन चढलं होतं, त्यातला एक घेतला. अर्धा अर्धा खाताना ती एवढंच म्हणाली, "मला कावून न्हाई सांगितलंस कवा?"

"तू न्हाई इचारलंस," दानम्मा म्हणाली.

मग पोलीस चौकशी आली. ठाण्यातला सोमनाथ हवालदार दुकानात येऊन टेकला. शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, चहा घेतला, आणि दानम्मानं त्यालाही सोडलं नाही. तो म्हणाला, "काकू, तिकडं मुदत सरलेला कागद खिशात घेऊन फिरलं की आमच्यासारखाच एखादा दार वाजवीत येणार. त्याच्या आधी चांगली सहा महिन्यांची सवड पायजे का न्हाई?" हेही उत्तर बरं होतं. पण दार वाजवून तो हवालदार पुढे काय करणार, असं हिनं विचारताच सोमनाथनं टोपी चढवली. धोंडप्पा तर चिडूनच म्हणाले, "सरकार हाय ते. सरकारला कावून न्हाई इचारीत." दानम्मा काय म्हणाली असेल, ते सांगायला नको.

शेवटी एका सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावली, आणि कावेरीच्या फोनवर बसवेश्वर दिसला. तिकडे त्याची रात्र चालू होती. दानम्मानं फोन हातात घेतला.

"जावईबापू, तुमी तिथंच ऱ्हाता म्हणून इचारते. सहा महिने कावून?"

बसवेश्वर घुटमळला. सासूला सांगण्यासारखं ते नव्हतं. "मामी, तो असाच एक नियम असतो."

"असाच कुठलाच नियम नसतो, बापू. मी दुकानदार हाय."

तेव्हा तो म्हणाला, "मी वाचलंय ते सांगतो. समजा, काही कारण झालं. इकडच्या सरकारनं सांगितलं, की आता तुम्ही परत जा. किंवा माणसालाच परत जायची पाळी आली. त्या वेळी हातात जिवंत पासपोर्ट पाहिजे. नाहीतर ज्याचं माणूस, तो देश परत कसा घेणार? म्हणून येतानाच बघतात, की ह्या माणसाला परत जायची वाट उघडी आहे ना. सहाच का, ते मलाही माहीत नाही. पण एवढ्यासाठी असतं." आणि घाईनं पुढे म्हणाला, "कावेरीवर अशी वेळ येणार नाही मामी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्यानं अर्धा किलो पोहे मागितले, तेही तिनं ऐकलं नाही. बसवेश्वरला वाटलं, आपण चुकीचं बोललो. कावेरीलाही वाटलं. पण दानम्माच्या चेहऱ्यावर गूळ खाल्ल्याचा भाव होता, आणि डोळे भरले होते.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "त्यांचं सरकार लेकीला घरात घ्यायच्या आधीच इचारतं, का बाई, तुला माघारी जायचं झालं तर जाता यील ना? आन् न्हाई म्हणलं तर घरातच घेत न्हाई?"

"असंच म्हणा मामी."

"माझ्या सासूला हे कुणी सांगितलं न्हाई," दानम्मा म्हणाली आणि पोहे जोखायला वळली.

मुलाखतीला चार दिवस उरले असताना पोस्टमन आला. पाकीट तो दानम्माच्या हातात देईना, धोंडप्पांच्याही देईना. ज्याचं नाव त्यालाच, ओळखपत्र बघून. कावेरीला औषधांच्या दुकानातून बोलावून आणलं. नवं पुस्तक बाहेर आलं, कोऱ्या पानांचं, पुढची दहा वर्षं जगणारं. त्याच्यासोबत जुनाही आला, कोपरा कापलेला आणि रद्दचा शिक्का मारलेला. दानम्मानं नव्याची तारीख दोनदा वाचली. मग पदराला हात पुसून ते लेकीला परत दिलं आणि म्हणाली, "ह्याला मी हात लावणार न्हाई. तूच सांभाळ."

मुंबईला मुलाखत झाली. साहेबानं लग्नाबद्दल दोन-चार गोष्टी विचारल्या, नवं पुस्तक ठेवून घेतलं आणि काही दिवसांनी व्हिसा लावून पाठवलं. कावेरी सांगत आली, की एवढ्या सगळ्यात सहा महिन्यांचं कुणी तोंडानं विचारलंसुद्धा नाही, नुसतं पान बघितलं. दानम्मा म्हणाली, "उघडी वाट दिसली की कोण इचारतं?"

निघायचा दिवस दिवाळीच्या दहा दिवस आधी आला. दारात गाडी उभी होती, धोंडप्पा बॅगा पुनःपुन्हा मोजत होते, शेजारच्या बाया ओटी घेऊन जमल्या होत्या. कावेरी आईच्या पाया पडली. गडबडीत, रडत, तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, जाते."

सगळ्या बाया एकदम चरकल्या. आपल्यात निघताना जाते म्हणत नाहीत. दानम्मानं लेकीचा दंड धरला.

"परक्या मुलखाच्या सरकारला कळतंय आन् तुला कळंना? येते म्हण."

"येते," कावेरी म्हणाली.

आता कावूनकाकू नेहमीचा प्रश्न विचारणार म्हणून बाया बघत राहिल्या. तिनं तो विचारला नाही. ती म्हणाली, "कवा?"

नोकरी, रजा, तिकिटं, तिथले नियम, कोण काय सांगणार? कावेरीनं खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि कोपरा कापलेला जुना पासपोर्ट काढून आईच्या हातात ठेवला.

"नऊ पानं तू काढलीस. धाव्वं पान कोरं ठेव. मी आले म्हंजे दोघी मिळून काढू."

गाडी बसस्टँडच्या वळणावरून दिसेनाशी झाली. दानम्मा दुकानात जाऊन बसली, आणि त्या दिवशी तिनं कुणालाही काही विचारलं नाही. गिऱ्हाइकांनाच चुकल्यासारखं झालं.

दहा दिवसांनी लक्ष्मीपूजन आलं. पाटावर वही आली, तराजू आला, मापं आली. लाल कापडातून तो रद्द झालेला पासपोर्टही आला. धोंडप्पांनी हळदीची वाटी सवयीनं बायकोपुढे सरकवली. दानम्मानं पासपोर्टवर बेल वाहिला, विभूती वाहिली, हात जोडले, पण पान उघडलं नाही.